रेडिओच्या पेटीची पाठ

रेडिओ आला तेव्हा बेडशात वीज नव्हती, पण भांडायला वीज कुठे लागते? सरकारकडून आलेला तो बॅटरीवरचा रेडिओ चावडीच्या ओट्यावर मांडला आणि आठवडा उलटायच्या आत गावाचे तुकडे पडले. म्हाताऱ्यांना भजन हवं, पोरांना सिनेमाची गाणी, शेतकऱ्यांना पुण्याचा शेतीचा कार्यक्रम, आणि काही जणांना नुसता रेडिओचा कान पिळायला हवा. पिळून पिळून सुई फिरवणारा आतला दोरा सुटला. शाळेच्या हनुमंत गुरुजींनी तो कसाबसा पुन्हा बसवला आणि सरपंच रखमाजींनी मला बोलावून घेतलं. मी श्रीपती, गावचा सुतार.

"श्रीपती," रखमाजी म्हणाले, "अशी पेटी कर, का ऐकू समद्यांना यावं, पर हात समद्यांचा लागू नये."

असलं काम मला आवडतं. मी सागाची पेटी केली. समोर जाळी, ती साऱ्या गावाची. आवाज तिथून येणार, त्याला कुलूप नाही. जाळीखाली डावीकडे एक झडप, रेडिओ चालू-बंद करायची. तिची किल्ली गुरुजींकडे. उजवीकडे दुसरी झडप, सुई फिरवायची. तिची किल्ली एकट्या रखमाजींकडे. ती त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधली, म्हणजे अंघोळीलासुद्धा सोडायला नको. सुई पुण्यावर लावून त्यांनी कुलूप घातलं आणि गाव गप्प झालं. मी चारचौघांत मिशीवर ताव देऊन म्हणालो, "आता मुंगीलाबी आत जायचं तर रखमाजी आबांना इचारावं लागंल."

हे काही साफ खरं नव्हतं, पण त्याची मला लाज नाही. माझा बाप म्हणायचा, पेटी करणाऱ्यानं आपल्यापुरती एक वाट ठेवावी. किल्ली हरवते, सुतार हरवत नाही. पेटीची पाठ भिंतीकडे होती. तिच्या तळाशी एक खुंटी होती, ती दाबली की मागची फळी वर सरकायची. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

भादव्यात आमच्याकडे संध्याकाळी लेण्यांकडून धुकं उतरतं. आधी डोंगर जातो, मग चिंच, मग समोरच्या माणसाचे पाय. अशात रेडिओ लागला की आवाज कुठून येतो तेच कळत नाही. पुण्याचा माणूस खताविषयी सांगत असतो आणि मला वाटतं, धुकंच बोलतंय. सागाला आतून ऊब लागते, तो वास सोडतो, आपल्याला कधी तोडलं हेच विसरून जातो. मी खांबाला टेकून डोळे मिटले की ओटा हळूहळू सुटतो आणि धुक्यावर तरंगत निघतो. बायको म्हणते, अफू न खाता डुलणारा हा एकच माणूस.

अशाच एका संध्याकाळी धुक्यातून हिरी आली. वरच्या ठाकरवाडीतली, मोळी विकायला खाली यायची. आई बाळंतपणात गेली तेव्हा हिरीनं धाकट्या गोविंदाला पेज पाजून जगवलं; ती स्वतःच तेव्हा परकरातली पोर. तो मोठा झाला, मुंबईला गिरणीत गेला, आणि गेला तो गेलाच. कोणी म्हणे आजारी आहे, कोणी म्हणे बाई ठेवली, आणि कोणी तर तोंडानंच त्याचं दहावं घालून मोकळे झाले होते.

"श्रीपतीभाऊ," हिरीला धाप लागली होती, "आमच्या वाडीचा शिदू आलाय ममईस्नं. म्हनतो, गोविंदा आज रेडूवर गानार हाय. ममईच्या. गिरनीवाल्यांच्या कारेक्रमात, दिवं लागायच्या येळंला."

"शिदूनं पायलं का त्याला?"

"न्हाई. त्याला दुसऱ्याकडनं कळलं. म्हनून तर ऐकायचं. आवाज आला म्हंजी हाय."

सुई मुंबईवर न्यायला हवी होती, आणि रखमाजी करगोट्यासकट इंदुरी गावाला लेकीकडे गेले होते. गुरुजींनी आपली झडप उघडून रेडिओ लावला. खताचा माणूस बोलू लागला. कुलूप तोडावं का, असं गुरुजी पुटपुटले, तर ओट्यावरच्या मंडळींनी सरपंचांना विचारल्यावाचून नको म्हणून माना हलवल्या. हिरी जाळीसमोर उकिडवी बसून ते खत ऐकत राहिली.

खुंटी दाबावी, तर माझ्या पेटीचं नाव जाणार. कुलपं पुढे आणि दार मागे, म्हणून पंचक्रोशी हसणार. राग आला तो हिरीवरच काढला.

"काल तरी यायचं व्हतंस, आबा हितं असताना!"

"आवाज काय माज्या सवडीनं येतो व्हय, भाऊ?"

मी उठलो. सगळ्यांदेखत पेटी भिंतीपासून ओढली, खुंटी दाबली आणि फळी वर सरकवली. गुरुजी एकदा माझ्याकडे आणि एकदा समोरच्या कुलपाकडे बघत राहिले.

"हसायचं त्यानं उद्या हसा," मी म्हणालो, आणि आत हात घातला.

आत काजव्याएवढा उजेड होता. दोऱ्याचं चाक बोटाला लागलं. ते मी हळूच फिरवलं, तसा खताचा माणूस विरघळून गेला. मग सागाच्या पानांवर पाऊस पडावा तशी सरसर. मग कुठल्या तरी मुलखातली बाई, तिची भाषा मला कळेना, पण ती कुणाला तरी समजावत होती. पुन्हा सरसर. मला वाटलं, मी धुक्यातच खांद्यापर्यंत हात घातलाय आणि चाचपडत चाललोय, आणि आत माणसंच माणसं आहेत, कुणाकुणाची हरवलेली.

आणि मग तो आवाज लागला. खरखरीत, जरा दमलेला. आमच्या डोंगरात भात लावताना म्हणतात ती चाल. बोट उचललं की चाल निसटत होती, म्हणून मी वाकून तसाच उभा राहिलो. पेटीवरून मला हिरीचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"तोच आहे का?" गुरुजींनी हळू आवाजात विचारलं.

"ल्हानपनापासनं तिसऱ्या वळीला दम घेतोय," हिरी म्हणाली. "आता घील. घेतला बगा."

गाणं संपलं, आणि निवेदक बोलायच्या आधी जी जराशी पोकळी असते ना, तेवढ्यात हिरीनं जाळीला तोंड लावलं.

"गोविंदा, जेवलास का रं?"

निवेदक पुढच्या गायकाचं नाव सांगू लागला. ओट्यावर कुणी हसलं नाही. हिरीनं वळून आमच्याकडे पाहिलं.

"ऐकू जात न्हाई त्याला, ठाव हाय मला. पर इचारल्याबिगर कसं ऱ्हावंल?"

तिनं मोळीखालची चुंबळ उचलली आणि ती धुक्यात वर निघून गेली. मला रडू आलं. गुरुजींनी चष्मा पुसला, पण चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रखमाजी परतले. बातमी त्यांना वाटेतच भेटली असावी, कारण घरी न जाता ते सरळ चावडीवर आले.

"फळी दाव."

मी दाखवली.

"कदीपासनं हाय ही वाट?"

"पेटी केली तवापासनं, आबा."

"म्हंजी माजी किल्ली नुसता दागिनाच म्हन की." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "खिळं मार. आत्ताच्या आत्ता, माज्यासमोर."

मी पिशवीतून हातोडी काढली. पहिला खिळा फळीवर धरला. मारणार, तर रखमाजी कमरेची किल्ली चाचपत तिथेच घुटमळत होते.

"आवाज त्याचाच व्हता?"

"व्हय. हिरीनं वळखला."

"तिनं काय इचारलं म्हनं त्याला?"

"जेवलास का, म्हनून."

रखमाजींनी लेण्यांकडे पाहिलं. धुकं उतरायला लागलं होतं, वरची वाडी आधीच गेली होती.

"मंग?" ते म्हणाले. "काय म्हनला त्यो?"

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मी मान वर केली नाही. फळीवरचा खिळा काढून पिशवीत टाकला, हातोडी टाकली, आणि पेटी सरकवून परत भिंतीला लावली. रखमाजींनी मला अडवलं नाही.