पंचांनी प्यायलेलं पाणी

मोठी लेक हेमांगी परजातीत लग्न करून चाळीसगावला गेली, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून शिंदखेड्याजवळच्या त्या गावात कुंदाबाईच्या घरचं पाणी जातीतलं कुणी प्यायलं नव्हतं. कायदा आल्यापासून पंच 'वाळीत' हा शब्द उच्चारत नसत. शहाणे लोक! नुसतं येणं-जाणं बंद. सासू वारली तेव्हा खांदा द्यायला तालुक्याहून मजूर आणावे लागले.

याच कुंदाबाईनं एकेकाळी नवऱ्याशी भांडून हेमांगीला कॉलेजात घातलं होतं. आता तीच धाकट्या शीतलला ऊठसूट ऐकवायची, की बाईनं उंबऱ्याच्या आत राहावं. मोठीला मोकळीक दिली म्हणून हे दिवस आले, असं तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की ते तिला खरंच वाटू लागलं होतं. पंचांवरचा राग पंचांवर काढता येत नव्हता, तो शीतलवर निघायचा.

शीतलचा धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला, त्याच आठवड्यात झुलाल आबांचा निरोप आला. आबा मुख्य पंच. धाकटी जातीत दिली आणि मोठीला पाणीसुद्धा विचारलं नाही, तर घर परत जातीत. शीतल दोन दिवस जेवली नाही. कुंदाबाईनं प्रवेशाचा कागद चुलीत घातला आणि सुपारी फोडायचा दिवस ठरवला.

त्या दिवशी अंगणात सतरंज्या पडल्या. झुलाल आबांनी शीतलच्या हातून पेला घेतला, घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या. कुंदाबाईला रडू फुटलं. खोटं कशाला बोलायचं, आठ वर्षांत ती इतकी सुखी कधी झाली नव्हती.

तेवढ्यात दाराशी हेमांगी उभी राहिली. बहिणीचं ठरतंय हे कळून ती एसटीनं आली होती. कडेवर चार वर्षांची लेक, उन्हानं दोघींची तोंडं सुकलेली.

"माय, पोरले पानी दे," ती म्हणाली.

कुंदाबाईच्या हातात भरलेला तांब्या होता. नात ती पहिल्यांदाच पाहत होती. पोरीचं कपाळ थेट कुंदाबाईसारखंच होतं. तिनं आबांकडे पाहिलं.

"पानी नही शे," ती म्हणाली.

हेमांगी आली तशी परत गेली. शीतलनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आईच्या हातातून तांब्या घेतला आणि पुढच्या पाहुण्याचा पेला भरला. पोर वळणाची आहे, असं आबा सोयऱ्यांना म्हणाले. कुंदाबाईनं मान डोलावली.