आडवी दाढ

ठक्! पितळी वाटी ओसरीच्या कडेला टेकली आणि दुपारची शांतता मोडली. सरलाला वाढून झाल्याबरोबर सासू, अनुसयाबाई, दोन पावलं मागं सरली.

सरलाचं ताट, वाटी, गोधडी, सारं महिनाभर वेगळं होतं. जबड्याखाली गाठ आली, तोंड उघडेना. बाजारातल्या दातवाल्यानं एक चांगली दाढ उपटली, तरी ठणका तसाच. मग कळसाडी गावात कुजबुज सुरू झाली, गंडमाळ! म्हणजे क्षयच! चार वर्षांच्या छबूला आजीनं आपल्या कुशीत घेतलं, ते घेतलंच. भिंतीपलीकडून लेकीचं हसू ऐकू येई, आणि सरलाचा हात गोधडीच्या रिकाम्या अर्ध्यावरून फिरत राही.

शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "अक्कलदाढ आत अडकली असेल. धुळ्याला एक्सरे काढून या."

"फोटो नही काढना!" अनुसयाबाईनं मुलाला, हिंमतरावाला, बजावलं. "फोटो क्षयवालासना काढतस. गावमां कळनं तर सोयरा आंगणमां पाय नही ठेवाव."

हिंमतराव उठता उठता परत खाली बसला. गोठ्याचं दार दुरुस्त करणारा रमजान सुतार मात्र जुन्या फळीवरून बोटं फिरवत बोलला, "बहेन, आत खिळा आडवा शे का, ते न दखता करवत चालाडी तर करवतना दात जातस, फळीबी फाटस. त्या दातवालानी तेच करं."

"माणूस काय फळी शे का रे?"

"नही ना! मंग फळीइतली तरी काळजी ले!"

"नि क्षयच निंघना तर?"

"तर त्यानं औषध शे. दखानंच नही, तर औषध कशावर देवो?"

अनुसयाबाई ओसरीकडं वळली. दोरीवरून पडलेलं छबूचं झबलं उचलून सरला ते गालाशी धरून बसली होती. सुजलेल्या गालाशीच! म्हातारीनं कनवटीचे पैसे सोडून मुलापुढं ठेवले.

"हिंमत! बसी काय ऱ्हायना? एस.टी. जाई!"

धुळ्याच्या डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडात धरली. हिरडीखाली दाढ आडवी निजलेली, शेजारणीच्या मुळाला टेकलेली! छातीचाही फोटो काढला, ती स्वच्छ. दाढ काढली, आठवड्याभरात गाठ विरली.

भगिनींनो, जे दिसत नाही त्याला आपण भीतीनं नाव देतो, आणि त्या नावापायी आपल्याच माणसाला ओसरीवर बसवतो. आधी तपासून घ्या! आणि खरोखर क्षय निघाला, तरी तो उपचाराचा विषय आहे, लाजेचा नव्हे.

गाठ विरली त्या संध्याकाळी छबू आईच्या मांडीवर चढली. गाल चाचपून पाहिला.

"माय, तुन्हा दातच दुखे ना?"

"हां वं बाई."

"मंग मले इतला दिन तुन्हाजोडे काबर नही येऊ दिधं?"