सात नंबरची खोली रिकामी आहे

त्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिला सगळे 'नियमवाली' म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त होता. तिचं कामच तसं होतं. जुन्याजाणत्या माणसांच्या डोक्यात वर्षानुवर्षं साठलेलं शहाणपण उकरून काढायचं, त्याची 'असं असेल तर तसं कर' अशी सरळ वाक्यं करायची आणि ती संगणकात भरायची. मग त्या वाक्यांवरून संगणक स्वतःच ठरवी, कुठली खोली भरली, दार कधी लावायचं, गॅस कधी सोडायचा. कामगारांनी त्याचं नाव शहाणा ठेवलं होतं. त्याने कुणाची चूक पकडली की त्या दिवसापुरता दीडशहाणा.

चूक तिथे परवडणारीही नव्हती. सफरचंदांनी खोली छतापर्यंत भरली की दार लावायचं, आतली हवा हटवायची आणि नायट्रोजन भरायचा. ऑक्सिजन दोन टक्क्यांवर आला की फळ झोपी जातं आणि आठ महिने ताजं राहतं. माणूसही झोपतो, फक्त उठत नाही.

दुपारी पावणेतीनला ती वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये डबा संपवून हात पुसत होती, तेव्हा आईचा फोन आला.

"अगं, बाबा तुझ्याकडे जेवले का?"

"माझ्याकडे? ते कशाला येतील इथे?"

"मग गेले कुठे? सकाळी दहाला निघाले. म्हणाले, सात नंबर आज बंद करतायत, मागच्या कोपऱ्यात पाणी ठिबकतं, ते कुणाच्या लक्षात राहणार नाही, एकदा बघून येतो. मी म्हटलं, अहो, तुम्ही रिटायर झालात ना? तर म्हणे, मी झालो, पाणी नाही झालं."

"त्यांचा फोन?"

"इथेच आहे, चार्जिंगला. तेच तर."

"येतील गं. बसले असतील कुणाशी गप्पा छाटत," ती म्हणाली, आणि अर्धं मिनिट तिला ते खरंही वाटलं. बाबांनी याच ठिकाणी अडतीस वर्षं गोदामप्रमुख म्हणून काढली होती. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. तिने गेटवर फोन लावला.

"बाबा ना? आले की सकाळी," वॉचमन म्हणाला. "त्यांची काय नोंद करायची, घरचेच ते. जाताना? नाही बुवा, जाताना काही मी पाहिले नाहीत."

घाबरण्यासारखं अजून काही झालेलं नाही, असं स्वतःला बजावत तिने खुर्ची पुढे ओढली आणि शहाण्याला विचारलं: सात नंबरच्या खोलीत कोणी आहे?

नाही, असं उत्तर लगेच आलं. सात नंबरची खोली रिकामी आहे.

शहाण्याची एक सोय तिला फार आवडायची. कुठल्याही उत्तरावर 'कशावरून?' असं विचारलं की तो आपली कारणं पायरी पायरीने मांडायचा. ही सोय तिनेच हट्टाने करून घेतली होती, कारण कारण न देता बोलणाऱ्या माणसांचाही तिला राग होता. आता तिने तेच विचारलं. पडद्यावर ओळी उमटल्या. आत गेलेल्या प्रत्येक कार्डाची बाहेर आल्याची नोंद आहे. म्हणून आत एकही कार्ड नाही. कार्ड नाही, म्हणून माणूस नाही. माणूस नाही, म्हणून अकरा चाळीसला दार लावलं आणि गॅस सुरू केला. सध्या ऑक्सिजन तेरा पूर्णांक चार.

वाक्यं तिचीच होती. 'ज्याची नोंद नाही ते नाही असं धर' हा नियम लिहिला त्या दिवशी तिला स्वतःचा अभिमान वाटला होता, कारण त्या एका वाक्यामुळे बाकीची दोनशे वाक्यं लिहायची वाचली होती. बाबांचं कार्ड निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने परत घेतलं होतं. माल भरताना सातचं मोठं दार सताड उघडं असतं, फोर्कलिफ्ट ये-जा करतात, आणि बाबांना 'कुठे चाललात?' असं विचारायची कुणाची छाती नव्हती. ते चालत आत गेले असतील. शहाण्याच्या लेखी मात्र तिथून कोणीच गेलं नव्हतं.

तिने लिहिलं: सात नंबरमध्ये माणूस आहे.

कोण? कार्ड नंबर द्या.

बाबांचा नंबर तिला पाठ होता. लहानपणी ते घरी आले की त्यांच्या खिशाला लावलेलं कार्ड काढायचं काम तिचंच असे. तिने तो नंबर टाकला.

हा नंबर रद्द आहे. अशी व्यक्ती नाही.

ती जिन्याकडे पळाली. उतरता उतरता तिला मागच्या वर्षीचं आठवलं. तीन महिने रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन ती बाबांसमोर बसायची आणि ते सांगतील ते उतरवून घ्यायची. दार लावण्यापूर्वी काय करता, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, पंखे बंद करायचे, आत तोंड करून हाक मारायची आणि शंभर आकडे मोजेपर्यंत गप्प उभं राहायचं. "पण हाकेला ओ आली की नाही हे मशीनला कसं कळणार?" तिने विचारलं. "मशीनला कशाला कळायला हवं? आपल्याला कान आहेत की," बाबा म्हणाले. ती हसली होती आणि तिने त्या ओळीवर काट मारली होती. त्यांच्या तीनशे अकरा गोष्टींपैकी ती एकच तिने सोडली होती.

सातच्या दारासमोर शिफ्टचे प्रमुख उभे होते. त्यांना सगळे काका म्हणत. बाबांच्या हाताखाली त्यांनी पंधरा वर्षं काम केलं होतं आणि तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलं होतं.

"काका, गॅस बंद करा. बाबा आत आहेत."

"आत?" काका आधी हसले, मग तिचा चेहरा बघून थांबले. "अगं, आत कसे असतील? मी शहाण्याला विचारूनच दार लावलं. रिकामी आहे म्हणाला."

"तो मी शिकवलं तेच बोलतो, काका! त्यांच्याकडे कार्ड नाही. त्याच्या हिशेबी बाबा या जगातच नाहीत."

"तू पाहिलंस त्यांना आत जाताना?"

"नाही."

"कुणी पाहिलं?"

"गेटमधून आत आले ते पाहिलंय. बाहेर गेलेले कुणी पाहिलं नाहीत."

"म्हणजे ते कँटीनमध्ये असतील, वजनकाट्यावर असतील, मागच्या फाटकाने घरी गेले असतील," काका म्हणाले. त्यांचाही आवाज आता चिरकत होता. "दोनशे टन माल आहे आत. उगाच उघडलं आणि..."

"काका, ऑक्सिजनचा आकडा बघा."

दारावरच्या छोट्या काचेत आकडा होता, बारा पूर्णांक आठ. दहाच्या खाली माणूस शुद्धीत राहत नाही हे दोघांनाही माहीत होतं. काका भिंतीकडे धावले. गॅस हाताने बंद करायचा कॉक भिंतीतल्या जाळीमागे होता आणि जाळीला कुलूप होतं. गेल्या हंगामात कुणीतरी नुसत्या संशयावरून दोनदा गॅस तोडला आणि माल खराब झाला, म्हणून ते कुलूप बसवलं होतं. ते बसवायची सूचना कुणाची होती, हे तिने त्या क्षणी काकांना सांगितलं नाही. किल्ली मॅनेजरकडे होती आणि मॅनेजर गावात मीटिंगला. काकांनी दोनदा फोन लावला, दोनदा नुसती रिंग गेली.

"कुलूप शहाण्याच्या ताब्यात. दरवाजा तोडू," काका म्हणाले.

"स्टीलचा आहे, काका. तासभर लागेल."

ती दारासमोर उभी राहिली. आत अंधार, एक अंशावरची थंडी, छतापर्यंत खोकी आणि पंख्यांचा घरघराट. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, याच पंख्यांची ती कृपा. दार लागल्याचंही कदाचित त्यांना कळलं नसेल. ती मोठ्याने रडली असती तर बरं झालं असतं, पण रडू येत नव्हतं. डोक्यात एकच विचार फिरत होता की शहाण्याला पटेल असं काय सांगू? तो रडण्याला भुलत नव्हता, ओरडण्याला नव्हता. तो फक्त कार्डावर विश्वास ठेवायचा.

मोठ्या दाराच्या बाजूला माणसांसाठी एक छोटं दार होतं. तेही बंद होतं, पण त्याच्या शेजारचं यंत्र जागं होतं. तिने गळ्यातलं कार्ड ओढून काढलं आणि यंत्रावर टेकवलं.

बारीक शीळ वाजली. मग अख्ख्या इमारतीत भोंगा सुरू झाला. वरच्या झडपा धाडकन उघडल्या, नायट्रोजनचा फुसफुसाट थांबला, दोन्ही दारांची कुलपं खटाखट सुटली.

"काय केलंस?" काका भोंग्यावर ओरडले.

"मी आत गेले."

"तू तर इथे उभी आहेस!"

"ते शहाण्याला माहीत नाही," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

तोंडावर मास्क आणि पाठीवर सिलिंडर लावून दोघे जण आत शिरले. फोर्कलिफ्टने पहिली रांग काढली, दुसरी काढली. तिला आत जायचं होतं, काकांनी तिचा दंड घट्ट धरून ठेवला. एका वेळी एक रांग निघत होती आणि प्रत्येक रांगेमागे नुसती सफरचंदं होती. कँटीनमध्ये असतील तर, असं काकांचंच वाक्य आता ती मनातल्या मनात देवाचं नाव घ्यावं तसं घोकत होती. असू देत कँटीनमध्ये. सगळ्यांनी मला वेडी म्हणू देत, नोकरी जाऊ दे.

पाचव्या रांगेमागून एकाने हात वर केला.

बाबा मागच्या कोपऱ्यात, भिंत आणि खोक्यांच्या फटीत बसलेले होते. ओल्या फरशीवर पाय घसरला होता आणि घोटा खोक्यांखालच्या सरकवलेल्या लाकडी पॅलेटखाली अडकला होता. ओठ निळे पडले होते. त्यांना बाहेर उन्हात आणून झोपवलं, तोंडावर ऑक्सिजन धरला, अंगावर मिळतील तेवढ्या गोण्या आणि जॅकेटं टाकली. ती त्यांचा हात चोळत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग ओळख पटली.

"मी किती हाका मारल्या," ते म्हणाले. "कुणी ओच देईना."

"माझं चुकलं, बाबा."

"पाणी ठिबकतंय अजून," बाबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

अॅम्ब्युलन्समध्ये घालताना डॉक्टर म्हणाले, वाचले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. आई थेट दवाखान्यात येणार होती. बाबांसोबत जाण्यासाठी ती पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात काका कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "सुटलो बाई एकदाचे. मी तर मेलोच होतो."

तिचा पाय तसाच राहिला.

"काका, या हंगामात आपण किती खोल्या बंद केल्यात?"

"सात धरून सात. का?"

"बाकीच्या सहा कशावरून लावल्या?"

काकांनी वरच्या केबिनकडे पाहिलं. तिने अॅम्ब्युलन्सबरोबर वॉचमनला पाठवलं, स्वतः वर गेली आणि शहाण्याला आधी सातबद्दल विचारलं. आज तिथे कोणी होतं का? होतं, तो म्हणाला. एक व्यक्ती. आणि नंबर दिला तो तिचा स्वतःचाच. बाबांना तो आताही ओळखत नव्हता. मग तिने एक ते सहा विचारलं. सहाही खोल्या रिकाम्या होत्या. सहाही उत्तरं तितक्याच लगेच, तितक्याच ठामपणे आली.

माल भरणारी रोजंदारीची माणसं ठेकेदार आणायचा. त्यांना कार्डं नव्हती. त्यांची मोजदाद ठेकेदार ठेवतो, असं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ती ते तसंच धरून चालली होती. तिने काकांना ठेकेदाराचा नंबर लावायला सांगितला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"या हंगामात तुमची किती माणसं आली?"

"आली-गेली म्हणून साठ-बासष्ट असतील. काय झालं, ताई?"

"आत्ता किती आहेत?"

"आज बेचाळीस."

"बाकीची कुठे आहेत?"

"गेली असतील घरी. चार दिवस टिकतात, कंटाळतात, न सांगता निघून जातात."

"गेलेली तुम्ही पाहिलीत?"

"असं कोण बघत बसतं हो?" ठेकेदार हसला. "सकाळी जो दिसत नाही तो गेला असं आम्ही धरतो."

काकांनी टेबलाची कड पकडली. तिने फोन अजून जवळ ओढला.

"त्या वीस जणांची नावं सांगा," ती म्हणाली. "एकेक करून सांगा. आणि त्यांच्या घरी फोन लावा, आत्ता, आम्ही ऐकतोय."

पलीकडे हसणं थांबलं. कागद चाळल्याचे आवाज आले.

"नावं तशी नाहीयेत माझ्याकडे," ठेकेदार शेवटी म्हणाला.

काका उठले होते. सहा खोल्यांत बाराशे टन माल होता, उघडल्यावर त्यातला अर्धा तरी वाया जाणार होता, आणि कुणाला न विचारता उघडण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता. गळ्यातलं कार्ड हातात घेऊन ती त्यांच्या मागोमाग जिना उतरली आणि एक नंबरच्या छोट्या दारासमोर जाऊन उभी राहिली.