पांढऱ्यावर सोडलेली जागा

पांढरं म्हणजे काहीच नसणं, असं लोकांना वाटतं. त्यांनी एकदा माझ्या स्टुडिओत येऊन ते ‘काहीच नसणं’ उभं करून दाखवावं! भिंतीवरून वळत जमिनीवर उतरलेला कागद आणि त्या कागदावर दोन बाजूंनी दोन दिवे. उजेड जरा कमी पडला की पांढऱ्याचं राखाडी होतं, जास्त झाला की माणसाचे कानच गिळतो. सगळं जुळलं की मात्र जमीन संपते, भिंत संपते, आणि समोरचा माणूस स्वप्नातल्यासारखा अधांतरी उभा राहतो. इतकी वर्षं झाली, तरी मी बघत बसते.

एक आई आली. तिचे दोन मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत. धाकटा शाळेत असताना थोरला वडिलांशी भांडून घर सोडून गेला, आणि धाकट्याने ते मनात धरलं. आता एक घरात आला की दुसरा मागच्या दाराने बाहेर.

“एकेकट्याचा काढ आणि जोडून दे, बाई,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांदेखत निदान भिंतीवर तरी शेजारी उभे राहू देत.”

पांढऱ्यावर सांधा दिसत नाही, म्हणून हे जमतं. उजेड तेवढा दोन्ही वेळा तोच हवा.

आधी थोरला आला. शिंपी आहे. चपला काढून कागदावर उभा राहिला, शेजारी जागा सोडली आणि मी न सांगताच एक हात हवेत ठेवला, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा. पण अगदी कोपराच्या उंचीवर.

“हात जरा वर घ्या की.”

“मापात माझी चूक होत नाही, ताई.”

शिंप्याशी मापावरून कोण वाद घालणार? मी फोटो काढला. दिव्यांना कुणी हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. बस चालवतो. उंची अशी, की दारातून वाकूनच आत शिरला. मी त्याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे, तोंड फुगलेलंच.

“आटपा लवकर.”

कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून मी कालचा फोटो स्क्रीनवर लावला. पांढऱ्यात तरंगणारा दादा, आणि तो हात.

तो बघतच राहिला. मग कागदावर गेला. त्याचा खांदा हाताच्या कितीतरी वर. त्याने गुडघे वाकवून पाहिले.

“स्टूल आहे का?”

मी दिलं. स्क्रीनकडे बघत तो बसल्या बसल्या सरकत राहिला.

“आलो का हाताखाली?”

“थोडं खाली... हं, आलात.”

मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

“थांबा,” तो म्हणाला. खांदा न हलवता त्याने खिशातून फोन काढला. नंबर त्याला पाठ होता.

“दादा, ये इकडे. हात अवघडला असेल तुझा.”