भिकुअक्काचा दोन कॉलमी चेहरा

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉक आहे. लाकडी ठोकळा आणि त्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, एवढंच माझं शरीर. छापखान्यात फोटो छापायचा तर पूर्वी आमच्यासारखा ब्लॉक करून घ्यावा लागे. माझ्यावर धुळ्याच्या देवपुरातल्या भिकुबाईंचा चेहरा होता. अक्का सुईण होत्या. हजार बाळंतपणं सुखरूप केली म्हणून १९८३ साली त्यांचा सत्कार झाला, तेव्हा साप्ताहिक चालवणाऱ्या सुकदेवभाऊंनी मला नाशिकहून करून आणलं. पहिल्या पानावर दोन कॉलमांत मी झळकलो. मला तर आकाश ठेंगणं झालं.

पुढे पाच वर्षं खणात पडून होतो. आमच्या छापखान्याला एक वाईट खोड होती. बातमीतल्या माणसाचा फोटो नसला, की खणातला मापात बसेल तो ब्लॉक लावायचा. एकदा बाजार समितीच्या सभापतींच्या जागी वारलेले कीर्तनकार छापले गेले. गावभर हशा पिकला. माझ्या वेळी कुणी हसलं नाही.

मुलं पळवणाऱ्या बाईची आवई उठली होती. अंक खपवायला सुकदेवभाऊंना बाईचा चेहरा हवा होता. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणाऱ्या भटूने मला बाहेर काढलं आणि तो थबकला.

"भाऊ, हाई ते भिकुअक्का शे."

"शाई जरा जास्त लाव. काळ्या तोंडाला कोण ओळखतंय?"

भटूने मान खाली घालून शाई लावली. त्याला मी पुढे माफ केलं. सुकदेवला मात्र त्या दिवसापासून मी भाऊ म्हणत नाही.

लोकांनी ओळखायचं ते ओळखलंच. भागाबाईची तीन बाळंतपणं अक्कांनी केली होती. चौथ्या वेळी कळा सुरू झाल्याचं कळताच त्या आपणहून गेल्या. भागाबाईने पोरांना पाठीमागे ओढलं आणि दारातूनच म्हणाली, "अक्का, तू आते येऊ नको." त्यानंतर अक्कांना कुणीच बोलावलं नाही.

अक्का रडल्या नाहीत. त्या वकील प्रकाशचंदांकडे गेल्या. वकिलांनी समजावलं, "न विचारता फोटो वापरला ही एक चूक. त्याखाली खोटं छापून अब्रू घालवली, हा गुन्हा. शिक्षा होऊ शकते."

"मंग करा खटला," अक्का म्हणाल्या. "माले त्याले सोडनं नही."

कोर्टात सुकदेव साळसूदपणे म्हणाला, "साहेब, ती बाई वेगळीच आहे. भिकुबाईंचा ब्लॉक केव्हाच मोडीत गेला." तेवढ्यात भटूने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. पहिल्याच छपाईला मी हातातून पडलो होतो आणि गालावर टवका उडाला होता. न्यायाधीशांनी सत्काराचा आणि आवईचा, असे दोन्ही अंक शेजारी ठेवले. दोन्हींत त्याच जागी तोच पांढरा डाग. सुकदेवचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, आणि मी ते मनसोक्त पाहिलं.

मग तो तडजोडीला आला. "दोन ओळींची माफी छापतो," म्हणाला. अक्कांनी ऐकलं नाही. माफी पहिल्याच पानावर, त्या बातमीएवढीच मोठी, माझ्यावर शाई बेताची, आणि अंक सुकदेवने स्वतः दारोदार जाऊन वाटायचा. मे महिन्यात घाम पुसत तो गल्लीगल्लीतून फिरला. मला जराही दया आली नाही. निम्मी दारं अक्कांसाठी पुन्हा उघडली. भागाबाईचं उघडलं नाही.

शेवटी अक्कांनी मला मागितलं. सुकदेव म्हणाला, "ब्लॉक छापखान्याचा आहे." वकील म्हणाले, "जस्त तुमचं असेल, चेहरा बाईंचा आहे."

मला वाटलं, आता मी देव्हाऱ्याशेजारी राहणार. पण अक्कांनी कानस घेतली आणि माझ्यावरचं नाक, डोळे, कुंकू घासून सपाट केलं. भटू म्हणाला, "अक्का, आठवन म्हनीसन ठेवी ले." त्या घासतच राहिल्या. मला फार लागलं, पण त्यांचं बरोबर होतं.

मित्रांनो, कुणाचा चेहरा छापण्याआधी त्याला विचारा, आणि त्याखाली खरं तेवढंच लिहा. आता मला शाई लावली तर कागदावर नुसता काळा चौकोन उमटतो. सुकदेवला कधी स्वतःचा फोटो छापायचा असेल, तर त्याने मला खुशाल न्यावं.