बांधलेली जाळी

मित्रांनो, तुमच्या घरात पत्र्याचा डबा असेल, तर त्याचे झाकण कदाचित माझ्याच पोटातून निघाले असेल. मी एक जुने प्रेस मशीन आहे. पायाखालची पट्टी दाबली की माझा वरचा ठोकळा खाली आदळतो आणि झाकण तयार होते.

मध्ये कुणाचा हात येऊ नये म्हणून मला घडवणाऱ्यांनी पुढे लोखंडी जाळी बसवली. हेतू देवाला आवडेल असाच होता. पण दर झाकणाला ती जड जाळी उचलायची, पुन्हा पाडायची. नगावर मजुरी मिळणाऱ्याला हे कसे परवडावे? साऱ्यांनी ती सुतळीने वर बांधून टाकली. मुकादम बघून न बघितल्यासारखे करी.

माझ्यावर ज्यांचे आयुष्य गेले, ते मामा. त्यांची भाची कामाला लागली, तेव्हा जाळी त्यांनी स्वतः बांधून दिली.

"ही उचलत बसलीस तर खांदा राहायचा नाही तुझा."

"आणि हात गेला म्हणजे?" भाची हसत म्हणाली.

"माझा गेला का इतक्या वर्षांत? तोंडाळ कुठली. कर काम."

त्या गाठीत निव्वळ माया होती हो. म्हणून तर जीव तुटतो.

एका दुपारी झाकण आत अडकले. ते काढायला भाचीने उजवा हात घातला आणि सवयीने पाय पट्टीवर पडला. पट्टी दाबली की खाली यायचे, एवढेच मला शिकवलेले. तिचा पंजा गेला.

मालकाने पाटी लावली, 'जाळी बांधू नये'. थोड्याच दिवसांत त्या पाटीखालीच जाळी पुन्हा बांधली गेली.

मग यंत्रे सुधारणाऱ्या एक बाई आल्या. स्टूल घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि कामगारांचे हात बघत राहिल्या.

"जाळी का बांधता?" त्यांनी न रागावता विचारले.

"जड आहे हो," मामा म्हणाले.

"मग चूक जाळीची आहे."

"गाठ माझी होती, बाई," मामा म्हणाले आणि बाहेर गेले.

बाईंनी जाळी आणि पट्टी काढली. दोन्ही बाजूंना खोलगट वाटीत एकेक बटण बसवले. दोन्ही पंज्यांनी एकदम दाबले तरच मी चालते. म्हणजे हात आपसूक बाहेर. बांधायला काही उरले नाही, कामही भराभर होऊ लागले. पाहुणे येऊन माझे कौतुक करू लागले.

भाची परतली ती झाकणे पुसायच्या टेबलावर. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापुढे उभी राहिली. डावा पंजा एका बटणावर ठेवला. उजवे मनगट दुसऱ्या वाटीच्या काठावरच अडले.

"चल, जेवून घे," मामा मागून म्हणाले.

"मामा, आता याची भीती नाही बघा. माझ्या हातून हे चालूच होत नाही."

मामांचा डबा त्या दिवशी उघडलाच नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही जिने, दारे, यंत्रे घडवाल. ती वापरणारा माणूस थकतो, घाई करतो, मायेपोटीही चुकतो. हे धरूनच घडवा. त्याच्याजवळ बसून त्याचे हात नीट पाहा. फक्त ते दोन्ही असताना पाहा.