चकतीचं तोंड

पाच चकत्यांनी सरबिनाजची दोन वर्षं मातीत घातली होती.

नुकुसच्या प्रयोगशाळेत ती प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या करायची. प्रत्येकीला केसाहून बारीक एकच भोक आणि एका अंगाला विद्युतभार असलेला लेप. चकती खाऱ्या पाण्यात उभी करून दोन्हीकडून तारा जोडायच्या. वीज एका दिशेनं ढकलली की क्षाराचे भारित कण भोकात दाटी करत आणि प्रवाह जोरात वाहे. दिशा उलटली की भोकातले कण पांगत आणि प्रवाह आटे. अशा चकत्या जोडीनं लावून पाण्यातलं मीठ उपसायचं, यासाठी सगळा खटाटोप. सरबिनाजच्या गावी, मोयनाकला, चहासुद्धा खारट लागतो. तिला दुसरं कारण नको होतं.

आणि बारापैकी पाच चकत्या नेमक्या उलट्या दिशेनं वीज सोडत होत्या.

"चकती खोटं बोलत नाही, पोरी. तुझा हात बोलतो," विभागप्रमुख ओतेनियाज आगा म्हणाले. "शुक्रवारी मी ताश्कंदच्या मुख्य कचेरीला कळवतोय. बाराच्या बारा एका दिशेनं दाखव, नाहीतर काम बंद."

आकडे गुपचूप फिरवून लिहायचा मोह तिला झाला. खोटं कशाला सांगा, दोनदा झाला. लेप पारदर्शक, कुठलं अंग कुठलं हे डोळ्यांना कळत नसे. म्हणून ती संध्याकाळी लेप देताक्षणी ते अंग खाली करून चकती डबीत ओल्या फडक्यावर ठेवायची आणि सकाळी त्याच भरवशावर यंत्रात बसवायची.

गुरुवारी ती सातलाच आली. झाडलोट करणाऱ्या पातिमा आपा टेबलाशी वाकल्या होत्या. हातात चिमटा, चिमट्यात चकती.

"आपा! काय करताय?"

"सरळ करतेय गं. उपडी पडलीय बिचारी."

"उपडीच ठेवायची असते ती!"

"काहीतरीच! नान कुणी उपडा ठेवतं का? बरकत जाते. ही तर तुझ्या पोटापाण्याची वस्तू."

"रोज करता हे?"

"रोज कुठली? मंगळवारी नि गुरुवारी. माझी पाळी असते तेव्हा."

बिघडलेल्या पाचही चकत्या त्याच दिवसांच्या होत्या. सरबिनाजला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. मग ती एकदम थांबली.

"पण आपा, लेपाचं तोंड कुठलं हे तुम्हाला कसं कळतं?"

आपांनी चकती ओठांजवळ नेऊन हळूच श्वास सोडला. एका अंगावर वाफ धरली, दुसऱ्यावर नाही. "वाफ पिऊन टाकतं ते तोंड. एवढं शिकून तुला माहीत नाही?" मग आवाज उतरला. "आगांना सांगू नकोस हं. नुसती बाटली हलवली तर झाडणाऱ्या झुल्फियाला घरी बसवलं होतं त्यांनी."

दिवसभर सरबिनाजनं वाफ बघून चकत्या बसवल्या. बाराच्या बारा एका दिशेनं चालल्या, पण तिला आनंद म्हणून होईना. आधी पाच उलट्या का होत्या, हे आगा विचारणारच. चूक आपली म्हणावी तर हात कच्चा ठरून काम बंद. खरं सांगावं तर आपांची भाकरी जायची. शेवटी ती आगांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, वाफेसकट.

आगांनी आपांना बोलावलं. पाठ फिरवून दहा चकत्या मिसळल्या नि पुढे केल्या. आपांनी दहाही चकत्यांचं तोंड ओळखलं, यंत्रानंही तेच दाखवलं. मग आगांनी स्वतः एकीवर एवढ्या जोरानं श्वास सोडला की त्यांचाच चष्मा धुरकट झाला. तो न पुसताच त्यांनी कागद ओढला.

"यांचं पूर्ण नाव?" त्यांनी सरबिनाजला विचारलं.

तिला सांगता येईना. दोन वर्षं या बाईच्या हातचा चहा प्यायली होती ती, आणि पूर्ण नाव कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"लिहा," आपा खाली बघत म्हणाल्या. "पातिमा सेयतमुरातोवा. एवढा महिना तरी भरू द्या, आगा. नातवाला बूट घ्यायचेत."

"काढत नाहीयेत, आपा," सरबिनाज म्हणाली. आगांच्या कागदावरची पहिली ओळ तिनं वाचली होती. "ही खूण कुणी शोधली, ते ताश्कंदला कळवतायत."

आपांनी आगांकडे पाहिलं. आगा लिहीत होते. मग त्या मागे सरकून खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची त्यांनी अकरा वर्षं नुसती पुसली होती.